गेटाबाहेरची फुंकणी

९ जानेवारी

माझ्या रुसलेल्या लेकीला बापाचा आशीर्वाद. नको असला तर आईच्या नावावर जमा कर.

फोन तू कापतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की चार ओळी डोळ्यांखालून जाणारच. एवढा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तुझी अट मी विसरलेलो नाही. दारात बॅग घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "छाती तपासून घ्या बाबा, तोवर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही." मला वाटलं, नाकावरचा राग आहे, आठवड्यात उतरेल. कसला उतरतोय! तुझी आई म्हणते, पोरीने हा हट्ट कुणाचा घेतलाय ते आरशात बघा. मी बघितलं. आरशात एक देखणा गृहस्थ होता, हट्टी वगैरे काही दिसला नाही.

अगं, तू मोठ्या दवाखान्यात छातीच्या वॉर्डात नर्स. दिवसभर खोकणारी माणसं बघतेस, त्यामुळे तुला सगळ्या जगाची छाती फुटकी दिसते. मला काही झालेलं नाही. सकाळी उठल्यावर थोडा खोकला येतो. खाणीत कुणाला येत नाही?

बरं, बातमी अशी की आमच्या खाणीवर नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. वयाने तुझ्याएवढ्याच, आणि तेवढ्याच तोंडाळ. आल्या आल्या त्यांनी पिंजऱ्याच्या शेडमध्ये, जिथे आम्ही पिंजऱ्यात बसून खाली उतरायला रांग लावतो तिथे, फुप्फुसांची चित्रं चिकटवली. एक गुलाबी, एक काळं. ढोल्या म्हणाला, "काळं माझं, गुलाबी साहेबांचं." ढोल्या कोण ते आईला विचार, ड्रिल चालवतो तो, दारातून आडवा होऊन आत येतो. मग बाईंनी माईक घेतला आणि धुळीवर भाषण सुरू केलं. कुणी बुटाच्या नाड्या बांधतंय, कुणी जांभया देतंय. मी मागून ओरडलो, "बाई, मोठ्याने बोला, मागच्यांची झोपमोड होत नाहीये!"

सगळे हसले. बाईपण हसल्या. आणि म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज माईकशिवाय पोचतो. उद्यापासून तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणाल्या, कळायचं मी बघते, पोचवायचं तुम्ही बघा. आणि छातीवर एक बिल्ला टोचला, "आरोग्य सोबती". तुझी आई तो बिल्ला बघून इतकी हसली की दूध उतू गेलं.

तर तुझा बाप आता आरोग्य सांगतो. वाच आणि जळ.

बाबा


२ फेब्रुवारी

फटाकडे,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण आई फोनवर तुला माझ्या बिल्ल्याबद्दल सांगत होती तेव्हा तू हसलीस, हे मी शेजारच्या खोलीत ऐकलं. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. तुझ्या जन्माआधीपासून छत ठोकून खातोय मी. पाळी सुरू होण्याआधी सळई घ्यायची, डोक्यावरचा खडक ठोकायचा, श्वास धरायचा आणि ऐकायचं. टणक वाजला तर चला पुढे. पोकळ वाजला तर सगळे मागे, आधी टेकू लावा. माझ्या कानाने आजवर कुणाला दगा दिलेला नाही.

पहिले चार दिवस माझंही भाषण पडलं. बाईंनी लिहून दिलेलं वाचत होतो ना! पाचव्या दिवशी कागद खिशात घातला आणि ठरवलं, दिवसाला एकच गोष्ट सांगायची, पिंजरा वर येईपर्यंत, आणि सरळ नाव घेऊन. "ढोल्या, ड्रिलचं पाणी बंद का ठेवतोस?" तो म्हणाला, बाही भिजते, गार पाणी पार काखेपर्यंत जातं. मी म्हटलं, "बाही उन्हात टाकली की वाळते. छाती कुठल्या दोरीवर वाळत घालणार आहेस?" लोक हसले, पण त्या दिवशी पाणी चालू होतं. धूळ खाली बसली आणि पाळी सुटताना एकमेकांचे चेहरे ओळखू येत होते.

मास्कचंही तेच. सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली. मी म्हटलं, "दाढी झाकायला दिलाय का? धूळ काय दाढीतून आत जाते?" खरं कारण नंतर कळलं. मास्क लावला की बोललेलं ऐकू जात नाही, आणि खाली माणूस बोलल्याशिवाय कसा राहील? मग आम्ही ठरवलं, ड्रिल चालू असताना मास्क नाकावर, तसंही तेव्हा कुणाला काही ऐकू येत नाही. ड्रिल थांबलं आणि धूळ बसली की मास्क खाली, मग काय गप्पा मारायच्या त्या मारा. बाई म्हणाल्या, पुस्तकात असं नाही, पण चालेल.

आणखी एक. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर एक जण आहे, बायको वारल्यापासून झोपत नाही. कामावर येतो, मान खाली घालून जातो. फुप्फुसाच्या चित्रात त्याचं दुखणं कुठे दाखवायचं? बाई म्हणाल्या, त्याच्याजवळ नुसते बसा. म्हणून रोज पाळी सुटल्यावर चहाच्या दुकानात त्याच्याशेजारी बसतो. पहिला आठवडा तो काही बोलला नाही, मीच बडबडलो. काल त्याने माझ्या चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, "तुम्ही फार बोलता." त्याचं एवढं बोलणं ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आता बाईंनी दम मोजायचं यंत्र मागवलंय. एक नळी, तिला एक डबी. जोर लावून फुंकायचं. दम पुरेसा असला की डबीतून शिट्टी वाजते. नाही वाजली तर छातीचा फोटो काढायचा. आम्ही त्याला फुंकणी म्हणतो. पाळीतल्या प्रत्येकाला रांगेत आणायचं काम माझं.

नाही, मी अजून फुंकलेली नाही. रांग लावणारा रांगेत उभा राहिला तर रांग कोण लावणार?

बाबा


२५ फेब्रुवारी

बाई गं,

आज चेष्टा सुचत नाहीये. सगळं अंगाशी आलं होतं. शेवट गोड झाला, पण मधले चार दिवस तुझ्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पिंजऱ्याशेजारच्या खोलीत फुंकणी मांडली. मी एकेकाला आत ढकलत होतो. तीन दिवसांत सगळी पाळी फुंकून झाली आणि शिट्टी एकाचीही वाजली नाही. एकाचीही! बाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी यंत्र बदलून आणलं, तरी तेच. नियम म्हणजे नियम, त्यांनी तसं वर कळवलं. मोठे साहेब म्हणाले, छातीचे फोटो काढणारी गाडी येईपर्यंत ही सगळी पाळी वर बसवा, खाली नवी माणसं घेऊ.

मग काय, लोक माझ्यावर धावून आले. "तुझ्या बिल्ल्यापायी आमचं काम गेलं," असं एक जण तोंडावर म्हणाला. चहाच्या दुकानात मी बसलो की बाक रिकामा. पंपवाला तेवढा शेजारी बसून राहिला. घरी तुझी आई म्हणाली, "ढोल्या त्या दिवशी एकट्याने आपलं कपाट उचलून आत ठेवून गेला. त्याच्या छातीत दम नाही? मला नाही पटत बाई."

मलाही पटेना. म्हणून बाईंना म्हटलं, ढोल्याला पुन्हा बोलवा, या वेळी मी आत उभा राहतो. तोवर मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. का नव्हतं ते तुला ठाऊक आहे.

ढोल्या आला. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. छाती भरून घेतली, नळी तोंडाला लावली, फुंकायला लागला. डबीतून बारीक चूं झालं आणि त्याने तोंड काढून घेतलं.

मी म्हटलं, "का रे थांबलास?"

"वाजायला लागलं होतं."

"अरे मग?"

"मग काय मग! तुमच्यासमोर शिट्टी वाजवू? खाणीत?"

मी त्याच्या हातातली नळी काढून टेबलावर ठेवली.

तुला लहानपणी घरातसुद्धा शिट्टी वाजवू देत नव्हतो, आठवतं? खाणीत शिट्टी वाजवायची नाही, हे पहिल्या दिवशी सांगतात. काही जण म्हणतात अपशकुन. माझ्यासारख्याला विचारशील तर खडक पडण्याआधी बारीक आवाज करतो, आणि शिट्टीत तो बुडतो. शिट्टी वाजवली म्हणून दोघा-तिघांना मी स्वतः कान धरून वर पाठवलंय. आणि ती खोली पिंजऱ्याला लागून! गेटाच्या आत आलो, हेल्मेट चढवलं, की आमच्या लेखी खाण सुरू होते. कुणी ठरवून दम चोरला नव्हता गं. आवाज आला की प्रत्येकाचा दम आपोआप तुटत होता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यालाही हे माहीतच असणार, सांगायचं काय त्यात?

बाईंना सांगितलं. आधी त्या चिडल्या. "चार दिवस मी झोपले नाही, काका!" मग खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मला खाणीतलं कळत नाही, पण तुम्ही तरी एकदा फुंकून बघायचं होतंत. पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्यांचं बरोबरच होतं.

पुढची युक्ती त्यांचीच. टेबल उचललं आणि फुंकणी थेट गेटाबाहेर, चहाच्या दुकानासमोर, रस्त्यावर मांडली. म्हणाल्या, हेल्मेट काढा, बूट काढा, इथे खाण नाही. पहिला ढोल्याच आला. अनवाणी, केस विस्कटलेले. असा फुंकला की शिट्टी रेल्वेच्या इंजिनासारखी! दुकानदाराच्या हातातली किटली हिंदकळली. मग एकेक जण येत गेला आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या. घराघरांतून बायका बाहेर आल्या, नवऱ्याचं नाव पुकारायला लागल्या. मोठे साहेब गाडीतून उतरून बघत उभे राहिले. बाईंनी त्यांनाही फुंकायला लावली. त्यांची दुसऱ्या खेपेला वाजली.

तिघांची नाही वाजली. पंपवाला त्यात एक. पण ते लपून घरी गेले नाहीत. आम्ही सगळे तिथेच होतो, त्यांना मध्ये घेऊन बसलो. त्या तिघांचे फोटो काढायचेत, बाकीची पाळी आता परत खाली जाते.

बाबा


१२ मार्च

लेकी,

आई म्हणाली, तू विचारलंस, "बाबांची वाजली का?" ती गप्प राहिली म्हणे. तिला गप्प राहायला लावलं याचं मला वाईट वाटतं, म्हणून मीच सांगतो.

त्या दिवशी मी रांगेत शेवटी उभा होतो. माझ्यापुढे दोघं उरले तेव्हा मी दुकानदाराला म्हटलं, तुझी चूल बघतो जरा, धूर फार करतेय. आणि गेलो. मी घाबरलो होतो, पोरी. खालचा खडक माझ्या अंगावर आला तरी मी एवढा घाबरत नाही. छत ठोकायचं सोडून मला दुसरं काय येतं? मला वर काढलं तर मी कोण राहिलो?

पण परवा खाली काय झालं ते ऐक. नेहमीसारखी सळई ठोकली, श्वास धरला. तर कुठून तरी बारीक सूं सूं येतंय. मी ओरडलो, "मागे व्हा!" सगळे पळाले. मी पुन्हा ठोकलं, पुन्हा ऐकलं. खडक टणक. सूं सूं मात्र चालूच. ढोल्या जवळ आला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, तो आवाज तुमच्या छातीतून येतोय."

मला श्वास धरताच येत नव्हता. धरलाय असं वाटत होतं, आणि तो आपला आतल्या आत झिरपत होता. तिथेच दगडावर बसलो. मनात आलं, आज खडक बोलला नाही, पण बोलला असता तर मला ऐकू आलं असतं का? या आवाजात? माझ्या भरवशावर ही माणसं डोकं वर न करता काम करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाबाहेर गेलो. हेल्मेट काढलं, बूट काढले. बाई म्हणाल्या, "सावकाश, काका." तीनदा फुंकली. वाजली नाही. चौथ्यांदा हट्टाने फुंकली, तर नुसता खोकला.

मग शहरात जाऊन फोटो काढला. छातीत धूळ बसलीये. बसली ती निघत नाही, पण धुळीतून बाहेर आलो तर वाढायचीही नाही बहुतेक. जिना चढेन, बाजारात जाईन, पुष्कळ बोलेन, असं बाईंनी सांगितलं. खाली मात्र आता जायचं नाही.

घरी आलो. तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "चला, सुटले एकदाची. पाळीवर गेलात की घड्याळाकडे बघायचं माझं काम संपलं." आणि मग रडली.

बाबा


२० मार्च

फटाकडे,

आज शेडमध्ये माझी पाळी खाली सोडली, म्हणजे मी वरच राहिलो आणि ते गेले. त्याआधी माझी रोजची एक गोष्ट सांगायची होती. आमच्यात कुणी आपल्या फोटोत काय आलं ते दुसऱ्याला सांगत नाही. बायकोलाही अर्धंच सांगतात. मी फोटो उजेडाला धरला आणि म्हटलं, "हे माझं. हे ठिपके बघा. ही धूळ मी मास्क हनुवटीला लावून कमावलीये. रांगेतून पळून जाणारा मीच होतो. तुम्ही पळू नका."

कुणी हसलं नाही. मग मागून पंपवाला बोलला, "माझाही फोटो आणलाय." आणि त्याने पिशवीतून काढला. इतके दिवस कुणाला दाखवला नव्हता त्याने. चित्रातल्या फुप्फुसांकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, पण आमच्या दोघांच्या फोटोंभोवती ही गर्दी! ढोल्या प्रत्येकाच्या खांद्यावरून बघत होता. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

पिंजरा आला. ढोल्याच्या हातात मी सळई दिली. त्याला बरेच दिवस शिकवतोय, कान चांगला आहे त्याचा, बोलतो मात्र फार. मी सोबत्याच्या कामावर कायम झालो, पगार थोडा कमी, पण बसायला खुर्ची आहे. पिंजरा खाली गेला आणि, खोटं कशाला बोलू, तासभर कुठे बघावं ते कळेना.

मग दुपारी घरी जेवायला आलो. आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, मी घरी! तुझी आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. इतकं ऊन पडतं तिथे या वेळी, मला माहीतच नव्हतं. आम्ही तिथेच पायरीवर बसून जेवलो. ती म्हणाली, "असे रोज येणार असाल तर भाजी जास्त करावी लागेल." खूप बरं वाटलं गं.

तुझी अट पुरी झाली आहे. तेवढंच कळवायचं होतं. घाई नाही.

बाबा


२६ मार्च

बाई माझे,

काल फोन वाजला. आई पीठ मळत होती म्हणून मी उचलला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे माझा आवाज ऐकून कापशील. तू म्हणालीस, "बाबा, पत्र मिळालं. जेवलात का?"

एवढंच विचारलंस तू. आणि एवढ्या खाणीला भाषण देणाऱ्या तुझ्या बापाच्या तोंडून नुसता कसलासा घोगरा आवाज निघाला. मी फोन तुझ्या आईच्या पिठाच्या हातात कोंबला आणि मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. तिथेही ऐकू आलं, तू तिला काळजीने विचारत होतीस, "बाबांना अजून एवढा खोकला येतो?" ती हो म्हणाली. माझी लाज राखायची सवय आहे तिला.

तो खोकला नव्हता.

जेवलो होतो. भात आणि भाजी. तू कधी येतेस?

बाबा